भिंतीवरची शिंगं

मुलांनो, आमच्या घरी पहिल्यांदाच येणारा माणूस गॅलरीच्या दारात थबकतो म्हणजे थबकतोच. भिंतीवर ओळीने लाकडी फळ्या टांगलेल्या आणि प्रत्येक फळीतून सांबराची शिंगं बाहेर आलेली! एकदा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या दादांनी तर सिलिंडर खांद्यावरून उतरवायच्या आधीच विचारलं, "साहेब, शिकारीला बंदी आहे ना हो?" मग दोन पावलं पुढे येऊन त्यांनी नीट पाहिलं. शिंगं हिरवी होती. वाऱ्यावर जराशी हलतही होती.

ती शिंगं म्हणजे पानं. आणि हे झाड म्हणजे एक नेचा, म्हणजेच फर्न. नर्सरीत 'स्टॅगहॉर्न' म्हणून मागितलं की मिळतं. शास्त्रीय नाव प्लॅटिसेरियम. ग्रीक भाषेत 'प्लॅटिस' म्हणजे चपटं आणि 'केरास' म्हणजे शिंग. आमच्या आईला यातलं एकही नाव पटलं नाही. तिने पहिल्याच दिवशी 'सांबरशिंगी' असं बारसं करून टाकलं आणि घरात तेच रूढ झालं. इथेही मी तेच वापरतो.

पण सांबरशिंगी घरात आली त्याच्या बरीच आधीची एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना मला अजून थोडी लाज वाटते.

१९८५ सालची मे महिन्याची सुट्टी. मी सहावीची परीक्षा देऊन सावंतवाडी तालुक्यातल्या आजोळी गेलो होतो. घरामागे एक जुना रायवळ आंबा होता आणि त्याच्या खोडावर, माझ्या डोक्याच्या बराच वर, बाशिंग वाढलेलं होतं. कोकणातल्या मुलांना बाशिंग म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो : हाही एक नेचाच, ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. झाडाच्या खोडाला, फांदीला चिकटून वाढतो. पावसाळ्यात त्याला लांबलांब हिरवी पानं फुटतात. उन्हाळ्यात ती गळून जातात आणि मागे राहतात तपकिरी, कागदासारखी पानं, एकाला एक लागून बसलेली. लग्नात नवरदेवाच्या कपाळाला बांधतात ना, अगदी त्या बाशिंगासारखी.

मला ते पुण्याला न्यायचं होतं. वर्गात मिरवायला, दुसरं काय! दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी शिडी लावली आणि कोयतीने ते खोडावरून खरवडून काढलं. निम्मं हातात आलं, निम्मं तुटून खाली पडलं. आवाजाने आजोबा बाहेर आले. आता फटका बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण ते एवढंच म्हणाले, "थंयसर बरा होता ता. कित्याक काढलंस?"

मला काही उत्तर देता येईना. आजोबांनी खाली पडलेला तुकडा उचलला, पडवीतून सुंभ आणला आणि तो तुकडा पुन्हा त्याच खोडाला बांधून टाकला. मला शिडी धरून उभं केलं. झालं, संपलं. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

माझ्या हातातला तुकडा मी पुण्याला आणला. कुंडीत छान काळी माती भरली, त्यात तो रोवला आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. पंधरा दिवसांत तो काळा पडला, मऊ झाला, कुंडीला वास यायला लागला. मला कळेचना. एवढी काळजी घेतली, तरी मेला कसा?

काळजी घेतली म्हणूनच मेला. बाशिंग काय किंवा सांबरशिंगी काय, ही मातीत वाढणारी झाडंच नव्हेत. ही दुसऱ्या झाडाच्या अंगावर वाढतात. शास्त्रात यांना अपिवनस्पती म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे बांडगूळच की! तर नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं खुपसून त्याचं पाणी पितं. अपिवनस्पती झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचं, खत वरून पडणाऱ्या पालापाचोळ्याचं. तिची मुळं वाऱ्यावर असतात, भिजतात, लगेच सुकतात, पुन्हा भिजतात. अशा मुळांना चिखलात कोंडलं तर ती गुदमरतील नाही तर काय?

हे मला कळायला मात्र वीस-बावीस वर्षं जावी लागली. २००८ च्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात एका स्टॉलवर मी पहिली सांबरशिंगी पाहिली. फळीवर बसवलेली, तळहाताएवढी. पाहिल्याबरोबर मला बाशिंगच आठवलं. तशीच खाली तपकिरी पानं, तशीच वर हिरवी. (दोघं एकाच कुळातले आहेत, पॉलिपोडिएसी कुळातले, हे नंतर वाचलं. म्हणजे चुलत भावंडंच म्हणा.) मी स्टॉलवरच्या बाईंना विचारलं, "मातीत लावायची का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मारायची असेल तर लावा."

ही जात होती प्लॅटिसेरियम बायफरकेटम. मूळची पूर्व ऑस्ट्रेलियातली आणि घरी वाढवायला सगळ्यांत सोपी. तुम्हाला कधी आणायची झालीच, तर हीच आणा.

आता तिच्याकडे जरा जवळ जाऊन पाहू या. तिला दोन प्रकारची पानं असतात. एक गोलसर, फळीला चिकटून बसणारी. त्यांना आम्ही घरात ढालपानं म्हणतो. नवीन ढालपान हिरवंगार आणि गुबगुबीत असतं, काही महिन्यांत ते तपकिरी होऊन वाळतं. पण गळत मात्र नाही! त्याच्यावर दुसरं येतं, त्याच्यावर तिसरं. जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यासारखा थर साचत जातो. हा थर पाणी धरून ठेवतो, पाचोळा अडवतो आणि आतल्या मुळांना उन्हापासून झाकतो. म्हणजे ढालपान मेल्यावरही कामाला असतंच.

दुसरी ती शिंगपानं. पुढे आलेली, टोकाकडे दुभंगत गेलेली. त्यांच्यावर चंदेरी लव असते. भिंगातून पाहिलंत तर एकेक केस चांदणीच्या आकाराचा दिसेल. ही लव पानातलं पाणी उडू देत नाही. नवखा माणूस तिला धूळ समजतो. मोठ्या झाडाच्या शिंगपानांच्या टोकांना, खालच्या बाजूने, तपकिरी मखमल दिसायला लागते. तेव्हा आमच्या शेजारच्या आजी म्हणाल्या, "अरे, याला तांबेरा पडला, औषध मार." तो तांबेरा नव्हता. ते बीजाणू होते.

नेच्यांना फुलं येत नाहीत, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. फूल नाही, म्हणून फळ नाही, बी नाही. पृथ्वीवर फुलं यायच्याही आधीपासून, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीपासून, ही मंडळी इथे आहेत. त्यांचा सगळा कारभार बीजाणूंवर. मी एकदा ते तपकिरी पीठ कागदाच्या पाकिटात धरलं. श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यात नारळाच्या भुशाचा थर दिला, त्यावर उकळतं पाणी ओतून तो निर्जंतुक केला, गार झाल्यावर त्यावर पीठ भुरभुरलं आणि झाकण लावून ठेवलं. सात आठवडे काहीच नाही. मग हिरवी साय आली. मग त्या सायीत नखाएवढीही नाहीत अशी हिरवी पिंपळपानं दिसायला लागली. गंमत अशी की, हे अजून सांबरशिंगीचं रोप नव्हेच! या पिंपळपानांवर पाण्याचा पातळ थर असावा लागतो. त्या पाण्यात नरपेशी पोहत मादीपेशीपर्यंत जातात आणि मग कुठे खरं रोप जन्माला येतं. माझ्या डब्यातली रोपं रुपयाएवढी व्हायला दीड वर्ष लागलं. घाई असलेल्या माणसाने हा नाद करू नये.

त्यापेक्षा सोपी वाट म्हणजे पिल्लं. बायफरकेटमच्या मुळांवर कळ्या फुटतात आणि ढालपानांच्या कडेने छोटी सांबरशिंगी डोकं काढते. ती तळहाताएवढी झाली की मुळांसकट अलगद सोडवून दुसऱ्या फळीवर बसवायची. सुताराकडून सागवानाचा उरलेला तुकडा आणावा. त्यावर नर्सरीत मिळणारं स्फॅग्नम शेवाळ किंवा भिजवलेला काथ्या मूठभर ठेवायचा, त्यावर पिल्लू, आणि नायलॉनच्या दोऱ्याने ढालपानावरून आडवंउभं बांधायचं. मधल्या कळीवर दोरा येता कामा नये, नवीन पान तिथूनच निघतं. तांब्याची तार वापरू नका, नेच्यांना तांबं सोसत नाही. सहा-आठ महिन्यांत नवीन ढालपान दोऱ्यावरून पसरतं आणि दोरा दिसेनासा होतो.

राहिलं पाणी. सगळे हेच विचारतात, "किती दिवसांनी?" मी सांगतो, दिवस मोजू नका, फळी उचलून बघा. जड लागली तर राहू द्या. हलकी लागली तर बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, निथळा आणि परत टांगा. आमच्याकडे पुण्यात एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांनी बुडवावी लागते, थंडीत आठ-दहा दिवसांनी, आणि पावसाळ्यात गॅलरीत झड येते तेवढी पुरते. ऊन सकाळचं कोवळं चालतं, दुपारचं नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून मी ढालपानामागे केळ्याची सालही खोचून पाहिली. झाडाला काय मिळालं कोण जाणे, मुंग्यांना आणि चिलटांना मात्र मेजवानी झाली.

एक आली की दुसरी हवीशी वाटते, हा संग्रहाचा नियमच आहे. तिकिटं जमवणाऱ्यांना विचारा. जगात सांबरशिंगीच्या जेमतेम अठरा जाती आहेत. पण काय एकेक! आफ्रिकेतल्या एलिफंटोटिसची पानं दुभंगतच नाहीत, हत्तीच्या कानासारखी लोंबतात. मलेशिया-बोर्निओतल्या रिडलीच्या ढालपानांखाली मुंग्यांची वसाहत असते. ऑस्ट्रेलियातली वीची खडकांवर कडक उन्हात राहते आणि लवेमुळे पांढुरकी दिसते. अमेरिका खंडात एकच जात, पेरू आणि बोलिव्हियातली. आणि एक आपल्या भारतातही आहे बरं का! मणिपूरकडची प्लॅटिसेरियम वॉलिचाय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या नॅथॅनिएल वॉलिच यांचं नाव तिला दिलेलं आहे. कोरड्या ऋतूत ती पानं गुंडाळून गप्प बसते आणि पाऊस आला की पुन्हा उलगडते.

काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला फोनवर एक फोटो पाठवला. गोणपाटावर पंचवीस-तीस मोठ्या सांबरशिंगींचा ढीग. ढालपानं फाटलेली, मागे झाडाची साल तशीच चिकटलेली. "साहेब, डायरेक्ट जंगलातला माल, स्वस्तात लावतो." मी लगेच नाही म्हणालो, असं मला इथे लिहायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी तो फोटो रात्रभर चार वेळा काढून पाहिला. फाटलेल्या सालीकडे पाहता पाहता आजोबांचा आंबा आठवला. सकाळी नको म्हणून कळवलं. काही जातींना पिल्लं येतच नाहीत, एक झाड म्हणजे एकच झाड. फिलिपीन्समधली ग्रान्डी अशीच आहे. तिला हौशी लोकांसाठी जंगलातून इतकं ओरबाडलं गेलं की आता ती तिच्याच देशात दुर्मिळ झाली आहे. त्यामुळे आमच्या भिंतीवर अठरा जाती नाहीत. पाचच आहेत, आणि पाचही रोपवाटिकेत वाढलेल्या.

आता मी ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या बरोबर खालच्या घरात एक मुलगा राहतो. त्याचं नाव इथे छापायचं नाही, अशी त्याची अट आहे. तो पाचवीत असल्यापासून संध्याकाळी आमच्या गॅलरीत यायचा. फळ्या उतरवणं, बादली भरणं, पुन्हा टांगणं, सगळं दोघं मिळून. २००८ साली आणलेली ती पहिली सांबरशिंगी एव्हाना फळीत मावेनाशी झाली होती. तिला आम्ही थोरली म्हणायचो. थोरलीवर त्याचा विशेष जीव.

२०२० च्या जानेवारीत सासरे आजारी पडले म्हणून आम्हाला सगळ्यांना पाच आठवडे नागपूरला राहावं लागलं. मी घराची किल्ली त्याच्या हातात दिली. तेव्हा तो सातवीत होता. निघायच्या गडबडीत, जिन्यातच, मी त्याला म्हणालो, "पाणी घाल हं. आणि जरा स्वच्छ ठेव."

एवढंच. फळी उचलून बघायची, हे सांगितलं नाही. आजवर उचलून मीच बघायचो, आणि बादली भर असं त्याला सांगायचो.

फेब्रुवारीच्या मध्यावर आम्ही परत आलो. दार उघडलं तर घर झाडून लख्ख. गॅलरीत गेलो. थोरलीची पानं हिरवीकंच चमकत होती. चंदेरी लव कुठेच नव्हती. त्याने ओल्या फडक्याने एकेक पान पुसून काढलं होतं. अकरा-बारा वर्षांची ढालपानं, तो तपकिरी गठ्ठा, सगळा 'वाळलेला कचरा' म्हणून उपटून काढला होता. आणि ऐन थंडीत रोज पाणी. मधली कळी मी बोटाने दाबून पाहिली. ती काळी पडली होती आणि बोट आत गेलं. तोच वास आला, १९८५ सालच्या कुंडीचा.

तो मागेच उभा होता. शाबासकीसाठी आला होता हो!

मी वळलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. "तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?" हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. त्याने काही उत्तर दिलं नाही. खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

आई देवघरापाशी बसली होती. ती म्हणाली, "'स्वच्छ ठेव' असं जिन्यात तूच सांगितलंस. मी ऐकलं होतं." थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "माझ्या बाबांनी तुला एक शब्द तरी लावला होता का रे?"

मला तेव्हाच खाली जायला हवं होतं. गेलो नाही. मोठ्या माणसांना जिना उतरणं फार अवघड जातं, मुलांनो. उद्या जाऊ, रविवारी जाऊ असं करत महिना गेला. आणि मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. कुणी कुणाकडे जाईना. आमच्या सोसायटीत तर जिन्यात बोलणंही बंद. संध्याकाळी खालच्या गॅलरीतून त्याचा आवाज यायचा. पण मी कठड्यावरून वाकून पाहिलं की तो आत जायचा.

थोरली तोवर गेली होती. सडलेला भाग मी कापून काढला होता. फळी टाकून देणं मात्र जिवावर आलं, म्हणून ती मुळांच्या वाळक्या गुंत्यासकट कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. एप्रिलमध्ये करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो कोपरा आवरायला घेतला. फळी उचलली, उलटी केली आणि पाहतो तर काय, गुंत्यातून एक हिरवी टिकली बाहेर आलेली! एका मुळावरची कळी जगली होती. पन्नास पैशाच्या जुन्या नाण्याएवढं एकच गोल ढालपान, त्यावर चांदीची लव.

मी एक चिठ्ठी लिहिली. तीन वेळा फाडली, चौथ्यांदा ठेवली. त्यात लिहिलं की चूक माझी होती, मी तुला नीट सांगितलं नव्हतं, आणि ओरडलो ते चुकलंच. खाली लिहिलं की थोरलीला पिल्लू झालं आहे आणि ते तुझ्याकडे वाढावं असं मला वाटतं. मग कपडे वाळत घालायची दोरी सोडली, फळीला चार बाजूंनी बांधली, चिठ्ठी दोऱ्यात खोचली आणि कठड्यावरून फळी खाली सोडायला लागलो. अर्ध्यावर ती गरगर फिरायला लागली. सोसायटीतली निम्मी मंडळी आपापल्या गॅलरीतून बघत होती. आई मागून सूचना देत होती.

खालच्या कठड्याशी फळी थांबली. बराच वेळ कुणी आलं नाही. माझा हात भरून आला. मग दोरी हलकी झाली.

पाच मिनिटांनी दोरीला खालून हिसका बसला. वर ओढली, तर टोकाला माझीच चिठ्ठी, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली : "पाणी किती दिवसांनी?"

मी कठड्यावरून वाकलो आणि ओरडून सांगितलं, "दिवस मोजू नकोस! उचलून बघ!"

हिरव्या टिकलीचं पुढे काय झालं? दोन वर्षांत तिला शिंगं फुटली. मग पिल्लं. त्याने ती वेगळी केली नाहीत, एकाच फळीवर वाढू दिली. त्यालाही कारण आहे. २०२१ साली 'इकॉलॉजी' नावाच्या शोधपत्रिकेत एक लेख आला. न्यूझीलंडचे केव्हिन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉर्ड हाऊ बेटावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर समुद्रात, आपल्या या बायफरकेटमच्याच वसाहती अभ्यासल्या. झाडाच्या खोडाभोवती अनेक सांबरशिंगी मिळून एकच मोठा गड्डा करून राहतात. त्यात वरच्यांची पानं पाणी आतल्या बाजूला वळवतात, खालच्यांची स्पंजासारखी पाणी शोषून धरतात आणि सगळ्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली. सुमारे ४० टक्के झाडं तर बीजाणू धरतच नाहीत, नुसती गड्ड्यासाठी राबतात. मधमाश्यांच्या पोळ्यातल्या कामकरी माश्यांसारखी! वनस्पतींमध्ये अशी कामाची वाटणी असते का, असं त्यांनी विचारलं होतं. लेखाच्या शीर्षकालाच प्रश्नचिन्ह होतं आणि ते मला फार आवडलं.

मी हे वर्णन करून सांगितलं त्या दिवसापासून त्याने वही केली. त्याच्या फळीवर नऊ झाडं आहेत. कुणाला बीजाणू आले, कुणाला नाही, कोण वर, कोण खाली, सगळी नोंद. गेल्या वर्षीच्या नोंदीप्रमाणे नवांपैकी चौघांना बीजाणू नव्हते. नऊ झाडांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "म्हणून तर अजून लिहितोय."

२०२५ च्या पावसाळ्यात तो दापोलीला शिकायला गेला. जायच्या आदल्या दिवशी फळी घेऊन वर आला. या वेळी दोरीने नाही, जिन्याने. तिघांना उचलावी लागली एवढी ती आता वाढली आहे. थोरलीच्याच जुन्या खिळ्याशेजारी दोन दणकट खिळे ठोकून आम्ही ती टांगली. मग त्याने भिंतीवर एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

"काका, आधी हाताने उचलून बघा. जड असेल तर पाणी नको. तपकिरी पानं काढू नका. पुसू तर अजिबात नका. वहीत तारीख टाका."

काल संध्याकाळी दोन्ही हातांनी खालून जरा उचलून पाहिली. जड होती. वहीत तारीख टाकली, पाणी घातलं नाही.